निरोगी नमुना

त्याने पडद्यावरची ओळ बोटाने पुसून पाहिली. डाग नव्हता. निरोगी माणसाच्या थायरॉईडमध्ये जे जनुक सताड उघडं असायला हवं, तेही बंद दिसत होतं.

"मेलो!" त्याने कपाळावर हात मारला.

शेजारच्या टेबलावरची सहकारी वळली. "द्रावण ताजं केलं होतंस ना?"

उरलेलं द्रावण वापरून काटकसर करायला गेला होता शहाणा! त्या द्रावणाचं काम एवढंच: जनुकावर बंदीचे ठिपके नसतील तिथली अक्षरं बदलायची, असतील तिथली तशीच सोडायची. शिळं द्रावण काहीच बदलत नाही, मग जे ते बंदच दिसतं. हे तो नव्या विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगायचा. आणि स्वतः मात्र पडताळणीसाठी लावलेला निरोगी नमुना न बघताच, ताईचा निकाल दिसल्याबरोबर तिला फोन लावून मोकळा झाला होता.

ताईच्या गळ्यातली कॅन्सरची गाठ झपाट्याने वाढत होती. गाठ जाळायला दिलेला किरणोत्सारी आयोडीनचा डोस तिच्या पेशी आत घेईनात. "आयोडीन आत घेणारं जनुक नुसतं बंद आहे," तो फोनवर ओरडला होता. "ते उघडायचं नवं औषध चाचणीत आहे. बंद असेल त्यालाच देतात. तुला मिळणार!" ताई घोगऱ्या आवाजात हसली होती. कितीतरी दिवसांनी.

स्वतःला शिव्या घालत त्याने ताजं द्रावण केलं आणि सगळं पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी निरोगी नमुना उघडा निघाला. ताईचाही. म्हणजे बिघाड दुसरीकडेच कुठेतरी होता आणि त्या औषधाला उघडायला काही नव्हतंच. पहिला निकाल कॉम्प्युटरवर तसाच पडून होता. त्याने तो एकदा उघडला, चडफडला, आणि पुसून टाकला.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. दाराशी हॉस्पिटलची बॅग भरून ठेवलेली. आतल्या खोलीत आई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हो हो, मिळतंय औषध! आमच्या धाकट्यानेच शोधून काढलं."

त्याने ताईला सगळं सांगितलं. मान वर करायची हिंमत झाली नाही.

"पहिलाच निकाल चाचणीवाल्यांना पाठवला असतास तर?" तिने विचारलं.

"औषध मिळालं असतं. गुण आला नसता, त्रास तेवढा झाला असता. आणि दुसऱ्या कुणाची तरी जागा गेली असती."

मग खाली बसून तिने बॅगेची चेन उघडली आणि एकेक कपडा बाहेर काढू लागली.

"लहानपणी माझी प्रत्येक चहाडी आईकडे करायचास," ती म्हणाली. "मग मी तुला बदडायचे."

"हो."

आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. ताईने गाऊनची घडी मांडीवर नीट केली.

"जा, सांग आईला," ती म्हणाली. "या वेळी नाही मारणार."