दाईची खोली

थंडी ओसरली की टेकडीवरच्या जुन्या बंगल्याची बाग लोकांसाठी उघडायची आणि सहलीच्या बसगाड्या तिकडं वळायच्या. तो चालवायचा ती बसही वळायची. पण प्रवासी आत गेले की तो फाटकाबाहेर सीटवरच डुलकी काढायचा. आत पाऊल टाकायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तो रांगायला लागायच्या आत त्याची आई या बंगल्यातल्या तान्ह्याला पाजायला गेली, ती त्याला मिसरूड फुटल्यावर कायमची परत आली. मावशीनं त्याला वरच्या दुधावर वाढवलं.

यंदा बंगल्यातली दाईची खोली पहिल्यांदाच दाखवणार होते. बड्या घरातल्या नोकरांचंही आयुष्य लोकांना कळावं, असा बेत होता. बायको म्हणाली, "एकदा बघून तरी या. आईंना आता जिना चढवत नाही, त्यांना येऊन सांगा."

तो प्रवाशांच्या मागून वर गेला. खोलीत लोखंडी खाट, शेजारी पितळी कड्यांचा पाळणा. पाळण्याला हात लावून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बोलत होते. हेच ते तान्हं. आता बंगल्याचे मालक.

"आईसाहेब मला फक्त पाहुण्यांसमोर भेटायच्या," ते सांगत होते. "माझी खरी आई म्हणजे आमची दाई. मला अंधाराची भीती वाटायची, म्हणून माझं बोट मुठीत धरून झोपायची. गोवर आला तेव्हा माझ्या उशापासून हलली नाही."

बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. गोवर त्यालाही आला होता. मावशीनं निरोप धाडला होता. आई आली नव्हती.

बोलायचं नव्हतं, पण तो बोलून गेला. "मी तिचा मुलगा."

मालकांनी चष्मा काढला. "तिला मुलगा होता? कधी बोलली नाही हो." मग त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. "म्हणजे आपण भाऊच की."

कुणीतरी फोटो काढला. त्यानं हात सोडवून घेतले. "गाडी उभी आहे बाहेर," तो म्हणाला आणि जिना उतरला.

घरी आई खिडकीशी बसून वाट बघत होती. "बाळ आला होता का?"

त्याला स्वतःला ती कधी बाळ म्हणाली नव्हती.

"आला होता. तुला मुलगा होता हे त्याला ठाऊकच नव्हतं."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुझं नाव काढलं की मला रडू फुटायचं. बाईसाहेब म्हणायच्या, रडक्या बाईचं दूध आटतं, दुसरी बघू. मग नाव काढणं सोडलं. पुढंपुढं सवय झाली."

"कसली?"

"तू नसल्याची."

त्याला वाटलं, आता ती आपल्याला जवळ बोलावेल. तो थांबलाही. आईनं वर पाहिलं. "त्याची तब्येत बरी आहे ना? लहानपणी छाती भरायची त्याची."

माझीही भरायची, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि बायकोला पान वाढायला सांगून हात धुवायला गेला.