सचिवांच्या हातची गादी

क्रीडा संघटनेच्या सचिवांना ट्रॅम्पोलिन म्हणजे पोरखेळ वाटायचा. "बागेत उड्या मारतात ना, तेच," असं चारचौघांत सांगून ते स्वतःच्याच विनोदावर पोट हलवून हसायचे. त्यांनी कधी सरावाची जागा पाहिली नव्हती. जुनं गोदाम होतं ते. टोळचं डोकं आपटू नये म्हणून बाईंनी छपराचे दोन पत्रेच काढून टाकले होते.

टोळ हे तिथे सराव करणाऱ्या मुलीचं टोपणनाव, बाईंनी ठेवलेलं. बाई तिच्या प्रशिक्षक.

टोळ ऑलिंपिकला पात्र ठरली आणि सचिवांना खेळाचं प्रेम उतू जाऊ लागलं. प्रशिक्षकाचा पास एकच होता. तो त्यांनी स्वतःच्याच गळ्यात घातला.

"आणि मी बाहेर फेकले गेले तर खाली गादी कोण सरकवणार?" टोळने विचारलं.

"मी आहे ना! गादी ढकलायला काय अक्कल लागते?"

लागते, हे अंतिम फेरीत कळलं. सातव्या उडीला टोळ तिरकी गेली. हवेतूनच तिला सचिव दिसले: तिच्याकडे पाठ, गादी पायाशी, हातात फोन आणि चेहऱ्यावर फोटोसाठीचं हसू. ती कडेच्या चौकटीवर आदळली. घोटा मोडला. आठांत आठवी.

"अगं, काय हे! माझा फोटोपण हलला," सचिव म्हणाले.

परतल्यावर पत्रकारांपुढे त्यांनी गळा काढला, "पोरगी दडपणाखाली कोसळली हो." शेजारी पायाला प्लास्टर घालून टोळ बसली होती. तिला वाटलं होतं, आता रडू फुटेल. आली ती नुसती किळस. तिने माइक ओढला.

"साहेबांना दोष देऊ नका. त्यांना गादीवर बसायची सवय आहे, धरायची नाही."

सभागृह खदखदून हसलं. सचिवही हसले, कारण त्यांना कळलंच नाही. पुढच्या निवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. अशा माणसांची कातडी गेंड्यालाही उसनी घ्यावीशी वाटेल.

घोटा जुळला, पण पूर्वीसारखा नाही. तरी ती पुढच्या ऑलिंपिकला पात्र ठरलीच. या वेळी तिने सरळ कळवलं, "पास बाईंच्या नावाचा. नाहीतर तुम्हीच उड्या मारा." सचिवांनी थोडा थयथयाट केला, मग मुकाट्याने सही केली. अंतिम फेरीत बाई गादी धरून, डोळ्यांची पापणीही न लवू देता उभ्या राहिल्या. टोळ पाचवी आली. दुखऱ्या घोट्यावर पाचवी. बाई तिथेच रडल्या.

सत्कारासाठी सचिवांनी गाडी पाठवली. "यशामागे साहेबांचं मार्गदर्शन, असे दोन शब्द बोला म्हणालेत," ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला.

"साहेबांना सांगा, त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, पडायला," टोळ म्हणाली. "आणि तुम्ही या आत, चहा घेऊन जा."

ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि तो निवांत दोन कप चहा प्यायला.