बाळंतिणीच्या खोलीला जाळं

जावयांनी पुण्याहून बाळासाठी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी आणली होती. निळी, वर बदकांची चित्रं. बाळ यायला अजून अवकाश होता, पण दिसते कशी ते तरी बघू म्हणून मी ती खाटेवर उघडून ठेवली आणि चहा टाकायला गेले. परत येऊन बघते तर सुंठी झोपलेली. आत नव्हे, वर. छत्रीच्या काड्या चारी बाजूंना फाकल्या होत्या, बदकं तिच्या पोटाखाली गेली होती, आणि चेहऱ्यावर असं समाधान की वस्तू आपल्यासाठीच आणली, फक्त आणणाऱ्यांना जरा उशीर झाला.

"झालं!" आमचे हे दारातून म्हणाले. "पुण्याची वस्तू आणि रत्नागिरीचं मांजर."

सुंठी खरं तर ऋजुताची, माझ्या लेकीची. कॉलेजातून येताना तिनं ते पिल्लू दप्तरात घालून आणलं. रंग सुंठेसारखा, म्हणून सुंठी. अठ्ठ्याण्णवच्या वैशाखात ऋजुताचं लग्न झालं, ती पुण्याला गेली आणि मांजर माझ्याकडे राहिलं. पाठवणीच्या वेळी सगळे रडतात, तशी मीही रडले. पण घर रिकामं झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, चहाला दोनच कप काढले तेव्हा. सुंठी ओट्याखाली येऊन बसली आणि मी तिच्याशी बोलायला लागले. हे बोलत नाहीत असं नाही, पण पेपर संपल्यावर. सुंठीला पेपरचा नाद नव्हता. भाजी निवडताना, तांदूळ पाखडताना मी सांगत जायची आणि ती डोळे अर्धे मिटून ऐकत जायची. तीन वर्षांत तिला माझ्या सासरमाहेरचं सगळं पाठ झालं असेल.

दोन हजार एकच्या माघात ऋजुता पहिल्या बाळंतपणाला आली. पुढचे महिने ती माझी. फाल्गुनात बाळ, मग आंबे संपेपर्यंत दोघं इथेच. मी डिंक, अळीव, सुकं खोबरं सगळं भरून ठेवलं होतं. पण लेकीनं दारात पाय ठेवला आणि पायात घोटाळणाऱ्या सुंठीकडे बघून म्हणाली, "आई, हिचं काय करायचं?"

हिचं! हिला थंडीत स्वतःच्या गोधडीत घेऊन झोपायची ती.

"काय करायचं म्हणजे?"

"अगं, बाळ येणार ना आता. मांजर छातीवर जाऊन बसतं म्हणे, श्वास कोंडतो. आमच्या आईंनी मुद्दाम सांगितलंय."

आमच्या आई म्हणजे तिच्या सासूबाई. चिपळूणच्या. त्यांचा फोन मलाही आला. बोलणं गोड, पण मापात. "बारशाला मी येणारच आहे. तेव्हा घरात मांजर मोकळं दिसलं, तर बाळबाळंतिणीला घेऊनच चिपळूणला परत जाईन. राग मानू नका हं ताई." राग कसला मानणार? वाढलेलं पान पुढ्यातून उचलल्यावर माणूस आधी रिकाम्या जागेकडेच बघतो.

न्हाऊ घालायला मालन ठरवली होती. ती मिरकरवाड्याच्या मासळी बंदराकडची, नवरा ट्रॉलरवर. तिच्याकडे या दुखण्याचा गावठी उपाय तयारच होता.

"पोत्यात घाला नि मिरकरवाड्यात सोडा, वयनी. लोकांना नको झालेली मांजरं सगळी तिथंच येतात. लिलाव चालला की पायापायात असतात. राणीसारखी ऱ्हाईल."

"आणि परत आली तर?"

"येत नाय. सोडायच्या आधी पोतं गरागरा फिरवायचं. तिला दिशाच कळत नाय मग."

मला नुसतं ऐकूनच भोवळ आली. सुंठी आमच्यासारखीच दूधभातावर वाढलेली. त्या बंदरावरच्या दांडग्या बोक्यांत ती काय करणार होती? 'आमच्याकडे असं चालत नाही' म्हणून सांगणार होती?

म्हणून मी तोडगा काढला. मांजर घरात राहील, पण बाळंतिणीच्या खोलीत शिरणार नाही. हे तयार झाले, ऋजुता नाइलाजानं तयार झाली, आणि आम्ही दोघं पन्नाशीची माणसं चोरासारखी स्वतःच्याच घरात शिरायच्या वाटा शोधायला लागलो. दाराखालच्या फटीला फळी मारली. मोरीच्या भोकाला नारळाची करवंटी बसवली. सुंठी खिडकीच्या गजांतून आली. गजांना पुठ्ठा बांधला, तर भिंतीचा माथा आणि कौलं यांच्या मधून आली आणि पाळण्याची साखळी अडकवायच्या वाशावर बसून आमची कामं बघायला लागली. शिडीवर मी, खाली शिडी धरून हे.

"जरा डावीकडे ठोक," हे म्हणायचे.

"तुम्ही या वर."

"मग शिडी कोण धरील?"

पुठ्ठ्यानं खोलीत अंधार झाला, वारा बंद झाला. शेवटी एका रविवारी हे सायकलवर भलंमोठं बोचकं बांधून आले. मासे पकडायचं जुनं जाळं. "लोक विहिरीवर टाकतात, परसातल्या भाजीला लावतात, मग खोलीला का नको? वारा येईल, उजेड येईल, मांजर नाही येणार." असा शोध त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदा लागला होता. पहिला कोणता ते विचारू नका.

मी ते जाळं रिठ्याच्या पाण्यात भिजवलं, धोपटलं, उन्हात वाळवलं. पुन्हा भिजवलं, पुन्हा वाळवलं. मग यांना दिलं, "वास घ्या." यांनी आयुष्यभर तपकीर ओढलेली, यांच्या नाकाला फणस पिकलेलाही कळत नाही. म्हणाले, "स्वच्छ आहे." मालनला दिलं. तिनं हुंगलं आणि म्हणाली, "कसला वास? मला नाय येत." तिच्या घरात बारा महिने तोच, तिला वेगळा कसा येणार? मी स्वतः हुंगलं, तर मला रिठा आला आणि त्याच्यामागे समुद्रासारखं काहीतरी आलं. म्हटलं, रत्नागिरीत कशाला येत नाही समुद्राचा वास? खिडक्यांना, कौलाखालच्या मोकळ्या जागेला, सगळीकडे आम्ही ते ताणून ठोकलं.

बाळ आलं. नातू. लालबुंद, टकलू आणि रागीट. घरभर वेखंडाचा, ओव्याच्या धुरीचा, तापल्या तेलाचा वास भरून राहिला. आजही कुणाकडे बाळंतिणीची धुरी जळत असली, तर माझे पाय त्या दारात आपोआप रेंगाळतात.

पण सुंठी बदलली. आधी त्या खोलीत तिला फक्त आम्ही अडवतो म्हणून रस होता. आता ती खिडकीच्या बाहेर ठाण मांडून बसली. दूधभाताला हाक मारली तरी येईना. जाळ्याला तोंड लावायची, चाटायची, नखांनी ओढायची. ऋजुता बाळाला पाजायला घ्यायची आणि समोर सुंठीचे दोन डोळे.

"बघ आई, बघ! बाळावरच डोळा आहे तिचा."

"मायेनं बसते गं."

"मायेनं जाळं ओढतं कुणी?"

खरं सांगायचं तर मलाही धसका बसला होता. मी बोलताना ऐकत बसणारी, मिशी न हलवणारी ती हीच का? मग एक दिवस खिडकीत दोन मांजरं दिसली. दुसरा गल्लीतला कानफाटका बोका. त्यानंतर एक काळी. मालन बाळाला पायांवर घेऊन चोळता चोळता हसली, "काय वयनी, बाळाच्या आधी यांचंच बारसं करताय?"

बारशाच्या सकाळी विहीणबाई चिपळूणहून गाडीनं आल्या. नऊवारी नाही, चापूनचोपून नेसलेली गोल साडी, हातात बाळंतविड्याची पिशवी. बाळाला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आजचा दिवस निभावतो बहुतेक. बायका जमल्या. पाळणा सजवला, वरवंट्याला कुंची घातली, जावई फोटो काढायला स्टुलावर चढले. पाळण्याखालून वरवंटा दिला-घेतला जात होता, आणि बायकांचा सूर मध्येच एकेक करून थांबला. सगळ्या खिडकीकडे बघत होत्या.

खिडकीत मांजरंच मांजरं. गजागजात एकेक, वर कौलाखालून लोंबणारं एक शेपूट वेगळंच. सगळी जाळ्याला चिकटलेली. आणि पहिल्या रांगेत, यजमानीणबाईंसारखी, सुंठी.

विहीणबाईंनी वरवंटा खाली ठेवला. "हरिहरराव," यांना म्हणाल्या, "आमंत्रणं तुम्ही केलीत, का मांजरीनं?"

बायका खो खो हसल्या. त्या स्वतः हसल्या नाहीत. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, बायका गेल्या, आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, "ऋजुता, बॅग भर. संध्याकाळच्या गाडीनं निघू."

हे उठले आणि मागच्या पडवीत गेले. परत आले ते भाताचं रिकामं पोतं घेऊन. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तासाभरात जाऊन येतो मिरकरवाड्यात. म्हणजे प्रश्नच मिटला."

मी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"सोड," हे म्हणाले.

"नाही सोडत."

ऋजुताच्या मांडीवर बाळ होतं. ती म्हणाली, "आई, तुला मी नकोय? मांजर हवंय?"

असलं काही कुणी विचारावं, आणि तेही ओल्या बाळंतिणीनं, विहिणीच्या देखत! मी काय बोलले ते मला पुरतं आठवत नाही, पण विहीणबाईंना आठवतं आणि त्या अजून लोकांना सांगतात. म्हणाले म्हणे, "तू हवीस म्हणून तर पन्नासाव्या वर्षी शिडीवर चढले. पण बाळा, तू गेलीस तेव्हा या घरात हीच होती माझ्याशी. हिला पोत्यात घालायला मी नाही देणार. ताई, नातू तुमचा, सून तुमची. न्यायचं तर न्या. मी रडेन, पण न्या."

ऋजुता बाळाच्या दुपट्याची टोकं नीट करत बसली. विहीणबाई उठल्या. मला वाटलं बॅग काढायला. पण त्या मांजरांना हाकलायला खिडकीशी गेल्या, "हड् हड्" म्हणाल्या, आणि हात वरच राहिला. नाक जाळ्याजवळ नेलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"हे जाळं कुठलं?"

"मिरकरवाड्याचं," हे पोत्याआडून म्हणाले. "जुनं. पण धुतलंय."

"अहो, धुतलंय काय! बांगडा आहे हा बांगडा!" आणि बाई जी हसायला लागली, ती खिडकीचे गज धरून. "माहेरी केळशीला आमच्या आप्पांनी असंच जाळं आणून आगरातल्या अळूच्या भोवती लावलं होतं. गाई येऊ नयेत म्हणून. गाई नाही आल्या, सगळ्या केळशीची मांजरं आली! आईनं त्यांना वर्षभर अळूवरून बोलून घेतलं. अहो, आपल्यासारख्यांना कुठला वास कळायला? माझं लहानपण कोळ्यांच्या शेजारात गेलं म्हणून मला कळला."

मग माझ्याही ध्यानात आलं. इतके दिवस त्या पोराकडे एकाही मांजरानं बघितलंच नव्हतं. सगळी पंगत जाळ्याला बसली होती.

यांनी तिथल्या तिथे पोतं टाकलं आणि पक्कड घेतली. जाळं निघालं, लांब परसाच्या दगडी गडग्यापलीकडे गेलं, आणि मांजरं त्याच्या मागोमाग वरातीसारखी गेली. सुंठी तेवढी दारात घुटमळत राहिली.

"एवढ्यानं भागत नाही हं," विहीणबाईंनी डोळे पुसले. त्यांना हसू आलं की त्या लगेच कडक होतात, हे मला पुढे कळलं. "वासाचं समजलं. मांजराचं अजून समजलेलं नाही. आज मी इथेच बसते. येऊ दे तिला आत, बघू काय करते. ऋजुता, बॅग राहू दे तूर्त."

कोपऱ्यातली वेताची काठी त्यांनी मांडीवर घेतली आणि पाळण्याशी खुर्ची टाकून बसल्या. मी दुसऱ्या बाजूला. ऋजुतानं माझा हात धरला होता. सुंठी आत आली. एकेक पाय जपून टाकत पाळण्याखाली आली, मान वर केली. पाळण्याच्या काठावर पुढचे दोन पाय टेकले. विहीणबाईंची काठी उचलली गेली.

आणि आमचा नातू उठला. भूक, ओलं दुपटं, नवं नाव, काय खटकलं कोण जाणे, त्यानं असा टाहो फोडला की पलीकडच्या घरातल्यांनी विचारलं, "काय झालं हो?" सुंठीची शेपटी बाटल्या धुवायच्या ब्रशासारखी फुगली. ती पाळण्यावरून खाटेवर, खाटेवरून कपाटावर, तिथून माळ्यावर गेली, आणि जुन्या भांड्यांच्या मागे दिसेनाशी झाली.

विहीणबाई चार दिवसांसाठी राहिल्या त्या महिनाभर राहिल्या. लेक मला मिळाली, पण वाटून मिळाली. खिडकीला साधी तारेची जाळी आली. माझ्या डिंकाच्या लाडवांत जायफळ कमी आहे, हे मी त्या महिन्यात रोज ऐकलं. आंबे पिकले, खोलीत पेंढा आणि बाळाचं दूध यांचा एकच वास झाला, आणि दुपारी आम्ही तिघी बायका पाळण्याची दोरी हळूहळू ओढत पडलेल्या असायचो. आज तो आठ वर्षांचा आहे, बंगळूरला असतो आणि फोनवर मला इंग्रजीतून काय काय सांगतो. सुंठीला जाऊनही आता तीन वर्षं झाली. पण बारशाचा तो दिवस म्हटला की मला दुसरं काही नाही आठवत. संध्याकाळची गाडी केव्हाच निघून गेलेली, बाळ आईच्या कुशीत निजलेलं, आणि माझ्या विहीणबाई, काठी खाली टाकून, ठेवणीतली साडी खोचून, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढलेल्या. हातात दुधाची वाटी. माळ्यावरच्या अंधारात मान घालून अगदी हळू आवाजात म्हणत होत्या, "ये गं बाई, ये. घाबरू नकोस. काही नाही करत तो."