साहेबांचं आधण

स्वातंत्र्य ही माणसाची सर्वांत मोलाची ठेव आहे. ज्येष्ठांच्या या वसाहतीत ती दरवर्षी तपासून परत दिली जाते, आणि तपासणीत एक कप चहा करून दाखवावा लागतो.

वसाहतीचं ब्रीद ‘गरजेप्रमाणे आधार’. स्वतःचं स्वतः होतंय तोवर बागेकडच्या छोट्या घरात राहायचं. होईनासं झालं की मुख्य इमारतीतल्या खोलीत जायचं. तिथे सगळं हातात मिळतं आणि स्वयंपाकघर नसतं. जोडपं असेल तर एकाला कायमचं हलवलं की दुसऱ्यानेही हलायचं, म्हणजे घर रिकामं होतं.

साहेब वीजकेंद्रातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. काकू बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि चालता येईपर्यंत त्यांचा मुक्काम मुख्य इमारतीत पडला. साहेब घरात एकटे उरले, आणि नेमकी तेव्हाच त्यांची तपासणी निघाली.

“काका, एक कप चहा करा,” तपासणीला आलेल्या सिस्टर म्हणाल्या.

साहेबांनी ओट्याकडे परक्या खात्याच्या फायलीकडे पाहावं तसं पाहिलं.

“चहाचा डबा कुठे असतो?”

“ती ठेवते.”

“टॉवेल?”

“ती देते.”

“बीपीची गोळी कधी घेता?”

“ती देते तेव्हा.”

सिस्टरनी शेरा मारला: स्मरणशक्ती झपाट्याने ढासळत आहे.

काकूंना हे पलंगावर पडल्या पडल्या समजलं. “अगं, विसरायला आधी माहीत असावं लागतं. हा माणूस लग्नाच्या दिवशीही असाच होता.”

“काकू, ‘कधीच येत नव्हतं’ असा रकाना नाही आमच्याकडे,” सिस्टर म्हणाल्या. “पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. नाही जमलं तर घर सोडावं लागेल. दोघांनाही.”

संध्याकाळी साहेब भेटायला आले तेव्हा काकूंनी विषय काढला. “ऐका. इथे मी बरी होईपर्यंत राहीन, कायमची नाही. मला माझा ओटा हवाय. तेव्हा उद्यापासून चहा शिकायचा.”

“चहाचं काय घेऊन बसलीस? मी अख्ख्या शहराला वीज दिलीये.”

“दिलीत. आणि घरातला बल्ब मी बदलत होते.”

शिकवणी सुरू झाली. पलंगाशेजारच्या टेबलावर औषधाचे पेले मांडून काकू दाखवत, साहेब पाहत.

“उकळी आली असं नेमकं केव्हा समजायचं?”

“तुमच्या रागासारखं आहे. आला की समजतो.”

“आणि साखर?”

“तुम्हाला वाटेल त्याच्या निम्मी.”

चौथ्या दिवशी साहेब ऐटीत खोलीत आले. “आधण ठेवलं.”

“ठेवलं? मग तुम्ही इथे कसे?”

“कळवायला आलो.”

काकूंनी डोळे मिटले. बाहेर आगीची घंटा वाजू लागली. गल्लीतली सगळी म्हातारी मंडळी काठ्या टेकत बागेत जमली. शेजारचे प्राध्यापक तर दात न लावताच आले, त्यामुळे त्यांचा निषेध कोणालाच समजला नाही. पातेल्याचा कोळसा झाला होता. व्यवस्थापकांनी ओट्याचे फोटो काढले आणि निघून गेले.

“घरी जा,” काकू एवढंच म्हणाल्या. “दुसरं पातेलं वरच्या फळीवर आहे. आणि आता कळवायला येऊ नका.”

साहेब हट्टी होते. उरलेले दिवस ते गॅससमोर उभे राहिले, वीजकेंद्रात राहिले नव्हते इतके. दुसऱ्या तपासणीत त्यांनी डबा काढला, टॉवेल दाखवला, गोळीची वेळ सांगितली आणि सिस्टरना चहा दिला. सिस्टरनी तो संपवला. शेरा पडला: लक्षणीय सुधारणा. घर राहिलं. वसाहतीने या सुधारणेचं श्रेय आपल्या स्मरणशक्ती वर्गाला दिलं आणि कप धरलेल्या साहेबांचा फोटो सूचनाफलकावर लावला. साहेब त्या वर्गाला कधी गेले नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात काकू वॉकर टेकत घरी आल्या. वाटेत खुर्ची लागली, तिला वळसा घालून त्या थेट ओट्याशी गेल्या आणि तिथेच थांबल्या.

“अहो, गॅस कुठाय?”

“सकाळी घेऊन गेले. सगळ्यांचेच नेले. त्या दिवशी घंटा वाजली ना, त्यामुळे.”

चहा आता दोन वेळा मुख्य इमारतीतून थर्मासमध्ये येतो. साखर घातलेलीच असते.