श्वास रोखलेल्या वर्गातली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझा मागचा डावा पाय जरासा आखूड आहे, त्यामुळे कोणी हललं की मी टकटक करते. सुताराला घाई झाली होती, दुसरं काय! भाषावर्गात आले तेव्हा मी नवीकोरी होते. जो तो माझ्या गुळगुळीत पाठीवरून हात फिरवायचा. मग पॉलिश उडालं, कौतुकही उडालं आणि माझी रवानगी मागच्या रांगेत झाली. कितीतरी दिवस मी रुसून होते.

आमच्या वर्गात संध्याकाळी मोठी माणसं नवी भाषा शिकायला येतात. दिवसभर राबून दमलेली. बसचालक तर पहिल्याच ओळीला पेंगायचा. बाईंनी त्यावर तोडगा काढला. धड्याआधी पाच मिनिटं योगासनं, आणि सूचना नव्या भाषेतच. हात वर, मान डावीकडे, श्वास घ्या, रोखा, सोडा. कान शब्दांवर राहावेत म्हणून एक नियमही घातला: सूचना ऐकल्याशिवाय काही करायचं नाही. माझी पाठ धरून माणसं एका पायावर उभी राहू लागली. खरं सांगते, माझं भाग्यच उजळलं.

माझ्यावर शिवणकाम करणारी मावशी बसायची. वहीत सगळं नीटनेटकं उतरवायची, पण चार महिन्यांत तोंडातून एक शब्द नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की तिच्या वतीने मुलगीच बोलायची, आणि तेच मावशीला खुपायचं. आसनं मात्र ती चोख करायची. म्हणजे कळत सगळं होतं, बाहेर पडत नव्हतं. तिच्यावर बोलायची पाळी आली की ती माझी कड अशी आवळायची की मलाच घाम फुटेल असं वाटायचं.

संस्थेच्या साहेबांनी बाईंना बजावलं होतं, "महिनाअखेरपर्यंत ती बोलली नाही, तर तिची जागा दुसऱ्याला." मावशीला हे ठाऊक होतं. महिना संपायला दोन दिवस उरले असताना साहेब ऐन आसनांच्या वेळी दारात उभे राहिले.

"बाई, हा काय खेळ चाललाय?"

बाई नुकत्याच 'रोखा' म्हणाल्या होत्या. त्या गडबडल्या आणि आसनांचे फायदे समजावू लागल्या. बाईंना समजावायला लागलं की थांबता येत नाही. इकडे वर्ग शिस्तीचा! 'सोडा' ऐकल्याशिवाय श्वास सोडणार कोण? बसचालकाचे गाल टम्म फुगले. शेजारची परिचारिका लालबुंद झाली. मावशीने दोघांकडे पाहिलं, माझी कड सोडली आणि नव्या भाषेत ओरडली, "अहो बाई, सोडा म्हणा ना! माणसं मरतील इथं!"

सगळ्या वर्गाने एकदम श्वास सोडला आणि मग हसू आवरेना. मावशीने तोंडावर हात ठेवला. बाईंचे डोळे भरून आले. त्या वाक्यात दोन चुका होत्या, पण त्या दिवशी बाईंनी एकही काढली नाही.

"यांचंच नाव यादीतून काढायचं होतं ना?" साहेबांनी हसत विचारलं. "राहू द्या. आणि तुमची ती पाच मिनिटंही राहू द्या."

आता मावशी वरच्या वर्गात आहे. परवा तिची मुलगी बाईंना भेटायला आली होती. बाईंनी चौकशी केली, तर म्हणाली, "काय सांगू बाई! आई आता दुकानात मला तोंडच उघडू देत नाही!" ऐकून मी सुखावले.

मित्रांनो, मला हलवायचं असेल तर उचला, फरफटत नेऊ नका. पाय दुखतो. आणि तुमच्या वर्गात कोणी गप्प बसत असेल, तर त्याच्या वतीने बोलू नका. जरा थांबा, तो बोलेल.