सिंकखालचा नट

धाकटी प्लंबर होती, आणि सुट्टीतल्या जेवणासाठी तिची एक ठरलेली लबाडी होती.

दरवर्षी सुट्टी लागली की सगळं गणगोत आईकडे जमायचं. धाकटी सगळ्यांच्या आधी पोचायची आणि आई कामात गुंतली की सिंकखालच्या कपाटात हात घालून एक नट ढिला करून ठेवायची. मग जेवताना आत्यानं तोंड उघडलं रे उघडलं, की ही उठून सिंकमध्ये हात धुवायची आणि खाली टपटप सुरू. "अगंबाई, गळतंय वाटतं!" असं म्हणून कपाटात डोकं खुपसायची, ती थेट गोड वाढायच्या वेळी बाहेर. आत कुबट वास, ओली फडकी, कोपऱ्यात एखादं झुरळ. पण झुरळ निदान विचारत नाही, की तुझा नवरा का गं सोडून गेला?

गेल्या वर्षी मात्र पंचाईत झाली. दादानं हौसेनं दुसऱ्याच कुणाकडून तरी सगळे पाइप बदलून घेतले होते, आणि त्या माणसानं नट असे आवळले होते की नुसत्या हातानं जागचे हलेनात. लपायला जागा नाही म्हटल्यावर धाकटी आत्याच्या तावडीत सापडली, तिला नको नको ते बोलली आणि भरल्या ताटावरून उठून चालती झाली. संध्याकाळी आईचा फोन आला. आई चक्क रडत होती.

"पुन्हा अशी निघून गेलीस ना, तर हे जेवण शेवटचं. मी कुणालाच बोलावणार नाही. मला नाही झेपत."

म्हणून यंदा धाकटीनं मनाशी पक्कं केलं होतं. जीभ तुटली तरी चालेल, ताटावरून उठायचं नाही. अवजारांची पिशवीसुद्धा ती मुद्दाम घरी ठेवून आली. कपाटाकडे तर तिनं बघितलंही नाही.

"अजून लोकांच्या मोऱ्याच उपसतेस का गं?" आत्यानं पहिल्याच घासाला विचारलं.

"हो, आत्या."

"माझ्या ऑफिसात एक जागा आहे बरं का," दादा म्हणाला. "बसून काम. हात स्वच्छ."

"बघते, दादा."

वहिनीनं बिचारीनं तेवढ्यात तिच्या ताटात भात वाढला. पण आत्या आज जेवायला आलीच नव्हती मुळी, शिकारीला आली होती.

"मी म्हणते, नवऱ्याला तरी काय दोष द्यायचा? असल्या हातांचा वास कोण सोसणार?"

धाकटीची कानशिलं तापली. उत्तर जिभेवर येऊन बसलं होतं, आणि ते चारचौघांत बोलण्यासारखं अजिबात नव्हतं. तिनं खुर्ची मागे सरकवली. निदान आईकडे एकदा बघावं म्हणून मान वळवली, तर आई जागेवर नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून फस्सकन आवाज आला आणि पाणी सरळ जेवणाच्या खोलीत शिरलं.

"अगं आई गं!" आत्या खुर्चीवर चढली. दादानं आधी नवे बूट उचलून छातीशी धरले, मग बायकोची आठवण झाली. आणि सगळे धाकटीकडे बघायला लागले.

"मी काही केलं नाही!" ती ओरडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते खरं होतं.

ती आत धावली. सिंकसमोर आई नखशिखांत भिजून बसली होती, हातात बाबांचा जुना पान्हा. धाकटीनं आधी कॉक बंद केला.

"आई, हे काय?"

"हळू बोल. तू करतेस तसंच केलं की गं!"

"मी सांडपाण्याच्या पाइपचा नट ढिला करते! तू नळाच्या पाइपचा उघडलास!"

"मला काय ठाऊक? मला दरवर्षी तुझे पायच दिसतात फक्त."

धाकटी बघतच राहिली. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"वर्षभर न गळणारा पाइप तू आलीस की गळतो. एवढंही कळू नये का मला? आज वन्संनी पहिल्याच घासाला मोऱ्यांचा विषय काढला, तेव्हाच म्हटलं, आता ही जाते. म्हणून उठले."

"मग गेल्या वर्षी एवढी चिडलीस कशाला?"

आईनं तोंडावरचं पाणी पुसलं. "तू कपाटात असलीस तरी घरात असतेस गं. गेल्या वर्षी गेलीस आणि मी एकटी उरले ह्यांच्यात."

धाकटीनं पान्हा घेतला, कपाटात डोकं घातलं आणि उगीचच नाक ओढलं.

"अगं, किती वेळ लागेल?" आत्या खुर्चीवरूनच ओरडली.

"बराच!" मायलेकी एकदमच म्हणाल्या.

धाकटीनं नट आवळायला घेतला, तर आईनं कोपरानं तिला ढोसलं आणि स्वतःही शेजारी आडवी होऊन कपाटात डोकं घातलं.

"सरक जरा. आणि नीट दाखव मला," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी कुठला ढिला करायचा?"