घोंगडीचा कौल

गुरुवारी पहाटे पावणेसहाला विजय साळवे टॉर्च घेऊन गच्चीवर गेला, तेव्हा घोंगडी जागेवर नव्हती.

त्याने टाकीमागे पाहिले, कुंड्यांच्या मागे पाहिले, कठड्यावरून वाकून म्हैसूरच्या अग्रहार भागातल्या गल्लीतही पाहिले. गल्लीत दूधवाल्याची मोपेड होती आणि एक गाय होती. रात्री जिथे त्याने घोंगडी चारी कोपरे ओढून नीट पसरली होती, तिथे आता पाणी साचले होते. बाकीच्या फरशीवर त्याने तळहात फिरवून पाहिला. ती धड ओली नव्हती, धड कोरडीही नव्हती. मेटगळ्ळीच्या कारखान्यात असा माल समोर आला असता, तर त्याने लाल चिठ्ठी लावून तो बाजूला ठेवला असता. विजय तिथे क्वालिटी विभागात होता आणि मधल्या अवस्था त्याला सोसत नसत.

नेमकी अशीच एक मधली अवस्था डिसेंबरपासून त्याच्या घरात मुक्कामाला होती. कंपनीने त्याला चाकणच्या कारखान्यात बदली देऊ केली होती. तो मूळचा नगरचा. चाकणहून गाव जवळ, थोरला भाऊ जवळ. लग्नानंतर तो आणि बायको कमलिनी म्हैसूरला आले, मुलगी स्पृहा इथेच वाढली आणि आता हैदराबादला नोकरीला होती. जायचे की राहायचे, हे आज सकाळी कंपनीला कळवायचे होते.

त्याने कमलिनीला विचारले नव्हते असे नाही.

"काय करायचं?" असे त्याने नाताळाच्या आधी विचारले होते.

"प्रार्थना करू," असे ती म्हणाली होती.

आणि ती करत होती. रोज सकाळच्या उपासनेत एक गीत, एक अध्याय, मग डोळे मिटून, "प्रभो, तुझी इच्छा पूर्ण होवो." कमलिनी पाद्र्याची मुलगी. प्रार्थनेत ती कधी अडखळत नसे आणि कधी सापडतही नसे. देवाची इच्छा काय ते देव सांगत नव्हता आणि कमलिनीची काय ते कमलिनी.

शेवटी विजयने त्यांच्या ख्रिस्ती शास्त्रातल्या त्या माणसाचा आधार घेतला, जो शत्रूच्या भीतीने द्राक्षे तुडवायच्या कुंडात लपून गहू झोडत होता. देवाने त्याला लढायला जा म्हटले, तर त्याने आधी खातरजमा मागितली. तो देवाला म्हणाला, रात्री लोकर बाहेर ठेवतो. सकाळी लोकर ओली आणि जमीन कोरडी निघाली, तर तू खरंच बोललास असं समजेन. देवाने ते ऐकले. दुसऱ्या रात्री त्याने उलटी चाचणी मागितली, देवाने तीही दिली. क्वालिटीतल्या माणसाला हा गृहस्थ फार पटत असे.

अडचण आली ती लोकरीची. म्हैसूरात थंडी अशी नसतेच. विजयने घरातले दोन स्वेटर आणि एक माकडटोपी उलटून लेबले वाचली, तिन्ही अ‍ॅक्रिलिक. देवापुढे नकली नमुना ठेवायला त्याचे मन धजेना. मग तो खाली घरमालकिणीकडे गेला, पाठ दुखत असल्याचे सांगितले आणि त्यांची जुनी, अस्सल लोकरीची घोंगडी मागून आणली. गच्चीवर ती पसरून, गुडघे टेकून, त्याने अट मोठ्याने सांगितली. घोंगडी ओली आणि फरशी कोरडी, तर चाकण. बाकी काहीही झाले, तर म्हैसूर.

घोंगडीच गायब होईल, ही शक्यता शास्त्रात दिलेली नव्हती.

खाली घरमालकीण गिरिजाबाई दारात रांगोळी घालत होत्या. विजयने घोंगडीबद्दल विचारले.

"कंबळी? मीच आणली की खाली!" त्या मान वर न करता म्हणाल्या. "पाठ दुखते म्हणून नेलीस आणि गच्चीला पांघरलीस? गच्चीची पाठ दुखते काय रे विजयप्पा?"

त्यांचे यजमान संताजीराव यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात इथे आले होते. घोडी गेली, मराठी राहिली, आणि तिच्यात कन्नड इतकी मुरली होती की कुठली कुठे संपते ते त्यांनाही सांगता आले नसते.

"ओली होती का?" विजयने विचारले.

"ओली? अय्यो! पिळली तर बादली भरंल."

विजय रांगोळीच्या काठापर्यंत पुढे आला. "आणि फरशी?"

"कसली फरशी?"

"गच्चीची. ओली होती की कोरडी?"

"मी कंबळी बघू की फरशी बघू? पायात चपला होत्या."

"मग चपलांचे तळ ओले झाले का?"

"गिरिजा, सांगून टाक," संताजीराव आतल्या खुर्चीतून म्हणाले. "नाहीतर पोलिसांची जीप बोलावंल हा."

विजयने मग सगळे सांगितले. त्या दोघांनी ते मन लावून ऐकले. गिरिजाबाईंनी रांगोळीची चिमूट तशीच हातात धरून ठेवली होती.

"म्हणजे कौल लावलास. असं सरळ सांग की!" त्या म्हणाल्या. "आमच्यात देवीच्या उजवीकडचं फूल पडलं की हो. तुमच्यात कंबळी भिजली की हो. सरी, ठीक. पण दुसऱ्याच्या कंबळीवर कौल लावतात होय?"

"म्हणजे भिजली, आता तुम्ही घर सोडणार," संताजीराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"फरशी कोरडी असेल तरच."

"ते कळायचं नाही बघ आता," गिरिजाबाई म्हणाल्या. "तुझ्या बायकोच्या हातनं इकडंतिकडं सांडलं असणारच."

"कमलिनीच्या?"

"तीच ओतत होती ना तांब्यानं. मी वर गेले तर ही उभी. काय गं करतीस म्हटलं. तर म्हणते, सुम्ने, उगीच आपलं, धूळ बसली होती. धूळ! माझ्या कंबळीवर!"

विजय जिना चढू लागला, आणि मध्येच थांबला. कमलिनी इतक्या वर्षांत या घराविरुद्ध एक शब्द बोलली नव्हती. बायकांच्या प्रार्थनासभेसाठी ती कन्नड वाचायला शिकली होती. गच्चीवरच्या कुंड्या तिच्या होत्या. आणि तिनेच पहाटे उठून, कोणाला न सांगता, चाकणच्या बाजूने पाणी ओतले होते. इतके तिला नकोसे झाले होते म्हैसूर?

वर टेबलावर शास्त्र उघडलेले होते. कमलिनी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिच्या साडीची एक बाजू खाली ओली होती, हे त्याने पाहिले, आणि त्याने पाहिले हे तिने पाहिले. दोघांनी एक गीत म्हटले. विजयचा सूर वर गेला तो खाली आलाच नाही.

कोणाचीही प्रार्थना मध्येच तोडायची नाही, हा नियम कमलिनीने माहेराहून आणला होता. प्रार्थना आधी विजयने करायची, हाही.

"हे स्वर्गीय बापा," त्याने सुरुवात केली, "या नव्या दिवसाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. तू सर्व पाहतोस. गच्चीसुद्धा पाहतोस. पहाटे तिथे कोण तांब्या घेऊन गेलं, तेही तू पाहिलंस. येशूच्या नावाने, आमेन."

त्या घरात इतकी छोटी प्रार्थना आजवर झाली नव्हती.

कमलिनीने घाई केली नाही. तिने स्पृहाच्या मेसच्या जेवणासाठी प्रार्थना केली. गिरिजाबाईंच्या गुडघ्यांसाठी केली. मग तिने एक श्वास घेतला. एरवी ती नवऱ्याला अहो म्हणे. देवापुढे तो नुसता हा होई.

"प्रभो, पाणी मी ओतलं. हा रात्री तुझ्याशी इतक्या मोठ्याने बोलत होता की मला जिन्यात ऐकू आलं. तुझ्या खुणेत मी हात घातला, मला क्षमा कर. पण पहाटे हात लावून पाहिला, तर घोंगडी जेमतेम दमट होती. तू हो म्हणणार असशील, तर माझ्या तांब्याने काही बिघडलं नाही. आणि नाही म्हणणार असशील, तर ह्याचं उतरलेलं तोंड तुला नाही, मला बघावं लागलं असतं. हा जेवताना भावाच्या शेताचे व्हिडिओ बघतो. ह्याला जायचं आहे आणि माझ्यासाठी हा ते गिळून बसला आहे. आमेन."

विजयने एक डोळा उघडला. तिचे दोन्ही मिटलेले होते. त्याने पुन्हा डोळा मिटला. आता पाळी कोणाचीच नव्हती.

"बापा, माझं थोडं राहिलं," तो म्हणाला. "व्हिडिओ मी बघतो, कारण भाऊ रोज पाठवतो आणि फोन करून विचारतो, कांदा पाहिलास का. दुसरं असं की ती अट मी मुद्दाम तशी घातली होती. दव पडलं की घोंगडीवर पडतं तसं फरशीवरही पडतं. एक ओली आणि एक कोरडी, हे होणारच नव्हतं. म्हणजे तुझं उत्तर नाही असंच येणार होतं, आणि हिला हे घर सोडावं लागलं नसतं. मी तुला फसवत होतो असं नाही." तो थांबला. "थोडंसं."

"देवाला?" कमलिनी म्हणाली. तिचे डोळे सताड उघडे होते आणि नियम मोडला होता. "अहो, तुम्ही देवाला नापास करायला निघाला होतात?"

"तू तर कॉपी पुरवायला गेली होतीस. तांब्यातून."

तिने पदर तोंडाला लावला. आधी तिचे खांदे हलले, मग टेबल हलू लागले. विजयला ठसका लागला.

"काय झालं गं?" खालून गिरिजाबाईंचा आवाज आला. "कौल आला काय?"

"नाही अजून!" कमलिनी ओरडली, आणि डोळे पुसत तिने गीतांचे पुस्तक मिटले.

"म्हणजे तुम्हाला जायचं नाहीये?"

"मला माहीत नाही," विजय म्हणाला. हे बोलताना त्याला स्वतःलाच नवल वाटले. "मी तुझ्याकडे बघून ठरवत होतो. तुला जायचंय का?"

"मला?"

"तुला."

"मी तुमच्यासाठी मागत होते."

"ते कळलं. तुझ्यासाठी काय मागितलंस?"

कमलिनीने खिडकीकडे पाहिले, शास्त्राकडे पाहिले, ओल्या साडीचा काठ हाताने पिळला. मग तिने डोळे मिटले.

फोन वाजला. विजयचा साहेब शरत होता, त्याच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान.

"गुड मॉर्निंग सर. पुण्याचे लोक लाइनवर आहेत. येस ऑर नो?"

"जरा थांबायला सांगा."

"कशासाठी सांगू, सर?"

विजयने समोर पाहिले. कमलिनीचे ओठ हलत नव्हते. ती प्रार्थना करत होती की विचार, हे बाहेरून तपासण्याची कोणतीही पद्धत त्याला माहीत नव्हती.

"मिसेस प्रार्थनेत आहेत," तो हळू आवाजात म्हणाला.

पलीकडे शरतने घसा खाकरला. "किती वेळ चालेल, सर?"

"सांगता येत नाही," विजय म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

साडेसातला कंपनीची बस कोपऱ्यावर आली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, थोडा वेळ वाट पाहिली आणि बस पुढे काढली. विजय खुर्चीतून उठला नाही. पावणेआठ वाजेपर्यंत तरी कमलिनीने आमेन म्हटले नव्हते.